सहा पावलांवरचं पाणी

मुकुंदराव पिंपळकरांनी आयुष्यात स्वतःहून घेतलेले निर्णय एका हाताच्या बोटांवर मावले असते, आणि त्यातले निम्मे प्रेमलताबाईंनी रद्द केले होते. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे निर्णय फायलीला लावले. त्यामुळे जानेवारीतल्या एका सोमवारी, बायकोच्या पलंगाजवळचा पाण्याचा तांब्या उचलून त्यांनी समोरच्या खिडकीत नेऊन ठेवला, तेव्हा अंतर दोनदा पावलांनी मोजून घेतलं.

सप्टेंबरात प्रेमलताबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ते उत्तम झालं असं सगळे म्हणाले, एक प्रेमलताबाई सोडून. घरी आल्यावर आठव्या दिवशी त्या बाथरूममध्ये घसरल्या. हाड मोडलं नाही, पण हिंमत मोडली. मुकुंदराव त्या वेळी कोपऱ्यावर चहा पीत होते (दोन मिनिटांसाठी म्हणून गेले होते, ती दोन मिनिटं पाऊण तास चालली). तेव्हापासून बाई पलंगावर. चहा पलंगावर, ताट पलंगावर, चष्मा, मोबाइल, रिमोट, सगळं हातात. मुकुंदराव देत राहिले. दिलं की त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. घरातलं बोलणं मात्र आटत गेलं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायलाही बाई उठेनात. "लावा तुम्हीच," म्हणायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या.

व्यायाम करून घ्यायला गार्गी नावाची मुलगी यायची. त्या सोमवारी तिनं मुकुंदरावांना जिन्यात गाठलं.

"काका, तुम्ही जितकं हातात द्याल तितका गुडघा आखडेल. आणखी एक महिना असाच गेला तर त्या कायमच्या पलंगावर. मग मला बोलावू नका."

म्हणून तांब्या खिडकीत गेला.

"अजी, पाणी द्या न."

"खिडकीत आहे."

"दिसून राहिलं मले. द्या."

"सहा पावलं आहेत. मी मोजली."

"दुसरं काय येते तुम्हाले," प्रेमलताबाई म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

दुपारपर्यंत त्या पाणी प्यायल्या नाहीत. मुकुंदरावही प्यायले नाहीत (या उपोषणाची दखल कोणी घेतली नाही). एक वाजता वॉकरचा खडखड आवाज झाला. बाई खिडकीपर्यंत गेल्या, पाणी प्यायल्या, परत आल्या आणि पुन्हा भिंतीकडे वळल्या. मुकुंदराव स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याच्या फडक्यानं डोळे पुसून आले. फडक्याला तिखट होतं, हे त्यांना उशिरा कळलं.

मग त्यांना चेव चढला. रिमोट टीव्हीवर गेला, चष्मा फ्रिजवर, ताट जेवणाच्या टेबलावर. अडचण एवढीच होती, की समोरच्या जयवंताबाईंना सगळं ऐकू जायचं. जिन्यातून कोण गेलं ते पाहता यावं म्हणून प्रेमलताबाईंना दार उघडं लागायचं, आणि त्या उघड्या दारातून "उठशील तर मिळेल" असे आवाज रोज बाहेर जात होते. एकदा जयवंताबाई वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या. मुकुंदरावांनी ती दारातच घेतली.

"तिच्या हातात काही द्यायचं नाही," ते म्हणाले.

का, ते त्यांनी सांगितलं नाही. कारण सांगायचं तर घसरण्यापासून सांगावं लागलं असतं, आणि घसरण्यापाशी तो चहा होता.

त्याच दुपारी काटोलला, बाईंच्या माहेरी फोन गेला. अर्धा प्रेमलताबाईंनी रडत केला, उरलेला जयवंताबाईंनी पुरा केला. रविवारी सकाळी प्रेमलताबाईंचे थोरले भाऊ नत्थूजी संत्र्याच्या बागेतून थेट जीप घेऊन आले. मागे त्यांची बायको कौशल्या.

"जवाईबापू, काय ऐकून राहिलो मी? पाणी नाही देत म्हणे माह्या बहिणीले?"

"देतो. लांबून देतो."

"काहून?"

"तिच्या भल्यासाठी."

नत्थूजींनी पुढे काही विचारलं नाही. "चाल वं बाई," म्हणत ते बहिणीला उचलायला वाकले. प्रेमलताबाईंनी त्यांचा हात बाजूला केला.

"राहू द्या भाऊ. या घरातून माह्या पायानं जाईन मी."

आणि त्या उठल्या. वॉकर पलंगाशीच राहिला. भिंत धरत दारापर्यंत आल्या, कठडा धरून जिन्यावर. वरखाली सगळी दारं उघडली होती. मुकुंदराव दोन्ही हात पसरून मागे चालले होते आणि तोंडातल्या तोंडात मोजत होते. अकराव्या पायरीवर बाई थांबल्या, तेव्हा मोजणंही थांबलं. बारा. तेरा. अठराव्या पायरीवरून पाऊल जमिनीला लागलं आणि मुकुंदरावांच्या हातून एक टाळी वाजली.

एकच. पण सगळ्या जिन्यात घुमली.

"बायको घर सोडून चालली, अन् टाळ्या वाजवते हा माणूस," जयवंताबाई वरून म्हणाल्या. प्रेमलताबाईंनी वळून एकदा पाहिलं. जीप निघून गेली.

सोमवारी गार्गी आली, रिकामा पलंग पाहून थबकली. हकिगत ऐकल्यावर म्हणाली, "अठरा पायऱ्या, वॉकरशिवाय? फारच छान, काका." मग तिचं तिथे काही काम उरलं नाही. तिचं ते 'छान' दिवसभर घरात एकटं फिरत राहिलं. मुकुंदराव पलंगासमोर खुर्ची टाकून बसायचे. भाताला कधी मीठ पडायचं, कधी दोनदा पडायचं. रोज संध्याकाळी नत्थूजींना फोन करायचे.

"बागेत चालून राहिली कौशल्यासंग. आज झाडाच्या चार ओळी चालली."

"माझं काही विचारलं?"

"जेवता का म्हणून विचारत होती. म्हटलं, जेवत असतील. उपाशी दुसऱ्याले ठेवाची सवय आहे त्याहिले."

तीन आठवड्यांनी मुकुंदराव बसनं काटोलला गेले. प्रेमलताबाई बागेत होत्या, साडीचा पदर खोचून, काठीशिवाय. त्या थांबल्या नाहीत, म्हणून मुकुंदरावांना मागून चालावं लागलं. दुसऱ्या ओळीत त्यांना धाप लागली, आणि तिथेच त्यांनी सांगून टाकलं.

"तू पडलीस तेव्हा मी चहा पीत होतो. पाऊण तास."

"माहीत आहे मले. उचलाले आले तवा मिशीले साय होती तुमच्या."

मुकुंदरावांचा हात आपोआप मिशीकडे गेला. मग त्यांनी गार्गीचं सगळं सांगितलं, 'आणखी एक महिना गेला तर कायमच्या पलंगावर' हेही सांगितलं.

"अन् टाळी काहून वाजवली?"

"अठरा पायऱ्या उतरलीस."

प्रेमलताबाईंनी एका झाडाचं वाळकं पान तोडलं. मग म्हणाल्या, "चला. पण त्या पोरीचं भाऊले सांगू नका. जीप घेऊन धावत आले बिचारे. त्यायनंच चालवलं मले, असंच म्हणाचं."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. प्रेमलताबाईंना खिडकीजवळ जागा मिळाली, मुकुंदराव दांडीला धरून उभे. शेजारच्या बाईंनी विचारपूस सुरू केली. ऑपरेशन ऐकून त्या चकित झाल्या.

"अन् एवढ्या चालता?"

"माह्या भावानं चालवलं."

"भाऊ असावा तर असा. अन् हे?"

मुकुंदराव ताठ झाले. त्यांच्याकडे पाहून प्रेमलताबाई उठल्या. "मिस्टर माहे. सरका जरा, बसू द्या याहिले. बागेत लय दमले."

नको नको म्हणता ते बसले. बायको दांडीला धरून आरामात उभी, आणि सगळी बस त्यांच्याकडे पाहत होती. कळमेश्वर येईपर्यंत त्यांनी दोनदा उठायचा प्रयत्न केला. पाय उठले नाहीत. दुसऱ्या खेपेला शेजारच्या बाईंनी त्यांना दंड धरून परत बसवलं, आणि आवाज खाली करून प्रेमलताबाईंना विचारलं,

"केव्हापासून असं आहे यांचं?"

"लग्न झालं तेव्हापासून," प्रेमलताबाई म्हणाल्या.