साळवेआप्पांची गरम सीट

दौंडात मोटारीची सीट गरम करण्याची सोय करणारा माणूस मी एकच पाहिला. ज्या गावात मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या सायकलवर बसायला धीर होत नाही, तिथं आमचे साळवेआप्पा गाडीच्या गादीत तारा शिवत बसले होते.

आप्पा रेल्वेत इलेक्ट्रिशियन. डब्यांमधले दिवे आणि पंखे त्यांच्या ताब्यात. मी तिथंच स्टोअरला कारकून, आणि क्वार्टरही शेजारचं. त्यामुळे ते मला ‘भाऊसाहेब’ म्हणत. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्यांना एकाच ठिकाणी सापडायचं. कुणाचा पोरगा नापास झाला, कुणाचं बायकोशी पटेना, साहेब विनाकारण ओरडला, की आप्पा मान हलवत म्हणायचे, “अर्थिंग न्हाई. बाकी काय न्हाई. अर्थिंग न्हाई.”

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एक अँग्लो-इंडियन गार्ड नोकरी संपवून परदेशी निघाला आणि जाताना त्याची जुनी गाडी आप्पांना देऊन गेला. कापडी टपाची. टप मागं दुमडला की चारी बाजूंनी मोकळी. गंमत म्हणजे आप्पांना गाडी चालवता येत नव्हती. मी नोकरीआधी एका साखर कारखान्याची जीप चालवलेली, लायसन माझ्याकडे. म्हणजे गाडीचे मालक आप्पा आणि ड्रायव्हर मी, असं न विचारताच ठरून गेलं.

सीट गरम करायची ती वहिनींसाठी. आप्पांच्या बायकोला संधिवात होता. थंडी पडली की कंबर धरायची, एसटीच्या बाकावर दोन मैलसुद्धा बसवायचं नाही. वहिनींची म्हातारी आई वडगाव रासाईला एकटी राहायची. तिला भेटून दोन हिवाळे गेले होते.

“मग टप लावून जाऊ की, वारं लागणार नाही,” मी म्हणालो.

वहिनी आतून म्हणाल्या, “टप लावल्यावर गावाला कळंल कसं, कोण आलंय ते?”

झालं. टप उघडा आणि कंबर गरम, असं दोन्ही जमवायचं आप्पांनी मनावर घेतलं. शेगडीची तार आणली, ती अॅस्बेस्टॉसच्या कापडावर नागमोडी शिवली, वर काथ्या, वर जुनं ब्लँकेट. डिकीत जादा बॅटरी बसवली. पुढं एक पितळी स्विच, घरातल्या दिव्याचा असतो तसला.

पहिली चाचणी माझ्यावर झाली. दोन मिनिटं छान ऊब लागली. तिसऱ्या मिनिटाला वास आला. मी उडी मारून खाली उतरलो, तेव्हा माझ्या नव्या टेरिकॉटच्या पँटीवर मागच्या बाजूला नागमोडी नक्षी उठली होती.

आप्पा वाकून ती नक्षी बारकाईनं पाहत म्हणाले, “डावीकडं तार दाट झाली. बरं झालं, कळलं तरी.”

ही गोष्ट मी ऑफिसात रंगवून सांगितली. आठवड्याभरात त्या गाडीचं नाव ‘तवा’ पडलं. आप्पा बाजारातून निघाले की कुणीतरी ओरडायचं, “आप्पा, दोन भाकरी टाका की!” आप्पा हसायचे. गोष्ट कुणी पसरवली हे त्यांनी मला कधी विचारलं नाही.

डिसेंबरात सीट जमली. आप्पा स्वतः तासभर बसून उठले आणि माझ्याकडे आले. “भाऊसाहेब, रविवारी जाऊ या? सांजच्याला माघारी.”

मी म्हणालो, पाहुणे येणार आहेत. पुढच्या रविवारी पोट बिघडल्याचं सांगितलं. तिसऱ्या रविवारी काय सांगितलं ते आज आठवतही नाही. खरं कारण एकच होतं. सगळ्या बाजारादेखत तो तवा चालवत जायची मला लाज वाटत होती. आणि त्या गाडीचा तवा केला होता मीच.

मंगळवारी वडगावचा माणूस निरोप घेऊन आला. म्हातारी आदल्या दिवशी गेली होती. निरोप पोचेपर्यंत माती होऊन गेली होती.

म्हातारीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी न बोलावता जाऊन गाडी पुसली. वहिनी पांढरं लुगडं नेसून पुढं बसल्या. आप्पा मागं. मी टप मागं दुमडायला लागलो, तशा वहिनी म्हणाल्या, “असू द्या वो. आता कुणाला दाखवायचंय?”

टप लावून निघालो. बाजारातून गेलो, कुणीही हसलं नाही. केडगाव मागं पडलं. आप्पांनी मागून हात लांब करून स्विच दाबला. सीट अगदी बेतानं तापली. वहिनी टेकून बसल्या. मग म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमचा लई खोळंबा झाला. तीन रविवार तुम्ही तयार होता म्हणं. ह्यांच्याच वायरा जुळंनात. जवा बघावं तवा, अजून जरा हाय, अजून जरा हाय.”

मी आरशात पाहिलं. आप्पा बाहेरचा ऊस बघत होते.

वडगावात वहिनी बायकांत जाऊन बसल्यावर मी आप्पांना बाजूला घेतलं. “आप्पा, मी त्यांना खरं सांगून टाकतो.”

“नका,” आप्पा म्हणाले. “माझ्यावर रागवायची तिला सवय हाय. चार दिवस बोलायची न्हाई, मंग बोलंल. तुमच्यावर रागावली तर तुमच्याकडं यायची बंद व्हईल. क्वार्टरांच्या साऱ्या लायनीत तिला जाऊन बसायला तुमचंच एक घर हाय.”

एवढं बोलून ते मंडपाकडे गेले. आत बुद्धवंदना सुरू झाली होती. ते मागच्या रांगेत हात जोडून बसले.

वहिनी पुढंही आमच्याकडे येत राहिल्या. थंडीत माझी बायको त्यांना चुलीपाशी पाट द्यायची. एखाद्या दिवशी आईची आठवण निघाली की त्या नवऱ्याच्या वायरिंगला चार शब्द सुनावायच्या, आणि मी शेजारी बसून ऐकून घ्यायचो.