उसन्या मुलांची मातृशाळा

कमळाकरमास्तर शाळेत एकटेच बाजार भरवून बसले होते. चिंचोक्यांचे पैसे, फुटक्या पाटीच्या तुकड्यांची वजनं आणि तांदूळ म्हणून सुपात घेतलेली रेती, असा सगळा थाट होता. दुकानदार तेच आणि गिऱ्हाईकही तेच. दुकानदार म्हणून भाव सांगायचा, मग उठून पलीकडे जायचं आणि गिऱ्हाईक म्हणून नाक मुरडायचं. घासाघीस बराच वेळ चालली. शेवटी सौदा फिसकटला, कारण दोन्हीकडून मास्तरच असल्यामुळे माघार घ्यायला कोणी तयार होईना.

"मास्तर, कुणाशी भांडताय?" दारातून इक्बाल टांगेवाल्याने विचारलं.

"गिऱ्हाईकाशी," मास्तर म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

ही छप्पन सालची गोष्ट. पनवेलच्या तळ्याजवळ एका भातगिरणीच्या माडीवर मास्तरांची शाळा होती आणि मागच्या खोलीत मास्तरांचं बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणजे एक स्टोव्ह, एक खाट आणि ते स्वतः. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि खोलीत मोठ्याने बोलायचं तर निमित्त शोधावं लागे. म्हणून ते बाजार भरवत.

एकेकाळी ही माडी मुलांनी गच्च भरलेली असे. पुस्तक उघडण्याआधी हात घाण करायचे, ही मास्तरांची पद्धत. गणित बाजार मांडून शिकायचं, भूगोल ओल्या मातीचा कर्नाळा किल्ला करून. शिवाय मुलांची बालपंचायत होती. शाळेत काहीही नवं करायचं झालं की ते आधी पंचायतीपुढे ठेवायचं, आणि पंचायत ठरवील ते मास्तरांनीही मुकाट ऐकायचं. गाव आधी हसलं. मग कामोठ्याची माणसं येऊन पाहून गेली आणि म्हणाली, "आमच्याकडं पन काडा अशी शाला." मास्तरांनी आपला पहिला विद्यार्थी जगन तिकडे मास्तर म्हणून धाडला. त्याच्या पाठोपाठ करंजाड्याला शाळा निघाली, मग उरणच्या वाटेवरच्या गावांत. कृतिशिक्षण प्रसारक मंडळ स्थापन झालं, त्याला घटना आली, शिक्का आला, वार्षिक सभा आली.

गंमत अशी की, नवी शाळा निघाली की मास्तरांचा एक शिक्षक जाई, आणि त्या गावाहून पायपीट करत पनवेलला येणारी मुलंही तिकडेच जात. गावातल्याच मुलांना त्यांच्या आईबापांनी बाकांच्या शाळेत घातलं, कारण तिथे हात घाण होत नसत. शेवटी भातगिरणीच्या मुकादमाचा एक मुलगा उरला होता. मुकादमाला अलिबागला काम मिळालं आणि तोही गेला. मंडळ वाढत गेलं आणि मास्तर उरत गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग सभेत सांगायचं ना तसं. पण सभेत सगळे त्या माडीला मोठ्या प्रेमाने मातृशाळा म्हणत. "मातृशाळा कशी चाललीय, मास्तर?" असं कोणी विचारलं की मास्तर म्हणत, "झकास." पहिल्या वर्षी हे थोडंसं खोटं होतं. पुढे ते दरसाल वाढत गेलं. खरं सांगितलं तर काय होईल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मंडळ त्यांना शाल देईल, नारळ देईल, मानद अध्यक्ष करून आरामखुर्चीत बसवील आणि माडीला कुलूप लावील. मग पुन्हा कधी मुलांसमोर उभं राहणं नाही. कामोठ्याला जावं, तर जगन खुर्चीवरून उठेल आणि पुन्हा त्यांच्यासमोर बसणार नाही. त्या बिचाऱ्याची शाळा आपण कशाला मोडायची?

अशात निरोप आला की मंडळाच्या आश्रयदात्या, मुंबईच्या चंद्रावतीबाई, बुधवारी येणार आहेत. सगळ्या शाळांचं मूळ जिथे आहे ती मातृशाळा त्यांना भरलेली पाहायची होती.

मास्तर आधी खाली सुगराबींकडे गेले. सुगराबी म्हणजे शेजारीण, नातवंडांनी भरलेल्या घरातल्या.

"न्या ना, खुशाल न्या," त्या म्हणाल्या. "पण दोघांना गालगुंड झालंय आणि तिसरा चावतो."

मास्तरांनी गावात आणखी दोन-तीन दारं ठोठावली. कुठे परीक्षा होती, कुठे मुलगा मामाकडे, आणि एका गृहस्थाने तर "अजून चालू आहे का तुमची शाळा?" असं अगदी निर्मळ मनाने विचारलं. त्यानंतर मास्तर कुठे गेले नाहीत. त्यांनी इक्बालला बोलावलं.

"कामोठ्याला जा आणि जगनला सांग, बुधवारी थोडी मुलं पाठव. एका दिवसापुरती. ती पनवेलची म्हणून बसतील, एवढंच."

"उसनी?" इक्बालने विचारलं.

"हो. संध्याकाळी परत."

इक्बालने टांगा जुंपला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण जगन हा मास्तरांच्या हाताखाली घडलेला, पद्धतीला पक्का. नवं काही करायचं म्हणजे पंचायतीपुढे ठेवलंच पाहिजे. त्याने ही लबाडी, जशी होती तशी, मुलांच्या पंचायतीपुढे ठेवली. पंचायतीची प्रमुख होती मालू, मिठागरावरच्या ठमाबाईची चौथीतली मुलगी. चर्चा झाली, हात वर झाले आणि ठराव पास झाला: पनवेलची म्हणून बसायचं नाही, ते खोटं होतं. पण मास्तरांच्या शाळेत पोरं का नाहीत, याची पाहणी करायला मात्र जायचं.

जगनने हा सगळा ठराव इक्बालला नीट समजावून सांगितला. इक्बाल माडीवर आला तेव्हा मास्तर शर्टाची बाही वर करून एकटेच फरशी पुसत होते, आणि त्यांनी अशा आशेने वर पाहिलं की इक्बालने अर्धाच निरोप सांगितला.

"येतायत बोलले," तो म्हणाला. "तुम्ही फिकीर करू नका."

बुधवारी मुलं आली. जगन त्यांच्या मागून मान खाली घालून आला. माडीच्या जिन्यावर किती वर्षांनी पायांचा तो धडधडाट झाला, आणि मास्तर दारात नुसते उभे राहून तो ऐकत राहिले. त्यांना जगनच्या चेहऱ्याकडे बघायचं सुचलं नाही. तेवढ्यात खाली मोटार थांबली. पांढऱ्या पातळातल्या चंद्रावतीबाई वर आल्या आणि मास्तरांनी मांडलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसल्या.

"मुलांनो," मास्तर आनंदाने म्हणाले, "आज आपण बाजार भरवू या."

मालू उभी राहिली. "मास्तर, पयलं आमाला एक इचारायचंय. तुमची पोरं कुटं गेली?"

मास्तरांच्या हातातली वजनं खाली पडली. बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"कोणाची पोरं?" त्यांनी विचारलं.

"ह्यांची. आमी कामोठ्याची हाव."

"इतक्या लांबून येता शिकायला?" बाई भारावून म्हणाल्या. मालूला उत्तर द्यायला सवड नव्हती. तिने मुलांच्या टोळ्या पाडल्या होत्या. एक टोळी खाली सुगराबींची चौकशी करायला पळाली, एक इक्बालच्या भोवती जमली, आणि उरलेल्यांनी खडूने जमिनीवर गावं काढून पनवेलच्या गोलात चिंचोक्यांचा ढीग ओतला. जगनने एकदा "मालू, पुरे" असं म्हणून पाहिलं. पण पाहणी चालू असताना शिक्षकाने मधे बोलायचं नाही, हा नियम त्यालाही लागू होता.

"कामोठ्याला शाला निगाली तवा कोन गेली?" मालू विचारी. इक्बाल सांगे, कारण शाळा सुटल्यावर पावसाळ्यात कित्येकदा त्यानेच त्या मुलांना फुकट सोडलं होतं. त्यांचे चिंचोके कामोठ्याच्या गोलात सरकत. मग करंजाड्याचे. मग उरणच्या वाटेवरचे. सुगराबींकडून परत आलेल्या टोळीने बाकांच्या शाळेत गेलेल्यांची नावं आणली, आणि एकाच्या मनगटावर चावल्याची खूणही होती. शेवटचा चिंचोका अलिबागला गेला. पनवेलचा गोल रिकामा झाला, आणि मुलं त्याच्याभोवती उकिडवी बसून बघत राहिली.

"झाला हिसाब," मालू म्हणाली. "मास्तरांचं काय चुकलं नाय. त्यांनी शाला चांगली काडली म्हनून ती गावोगाव गेली. आता हितं लागत नाय."

मास्तर भिंतीला टेकले. आयुष्यभर ते मुलांना पुराव्याने बोलायला शिकवत आले होते, आणि पुरावा त्यांच्या पायापाशी मांडलेला होता.

चंद्रावतीबाई टाळ्या वाजवत उठल्या. "काय पाठ बसवलात, मास्तर! संस्थेचा सगळा विस्तार मुलांकडून जमिनीवर मांडून घेतलात. मी पुष्कळ शाळा पाहिल्या, असा धडा पाहिला नाही. आणि ही शाळा एका माडीवर? ते काही नाही. मी इथे इमारत बांधून देते. सहा खोल्या, वर पत्रा, पुढे अंगण."

जगनने डोळे मिटून घेतले. मास्तरांच्या डोळ्यांपुढे सहा खोल्या उभ्या राहिल्या. एका खोलीत दुकानदार म्हणून भाव सांगायचा आणि मग पाच खोल्या ओलांडून गिऱ्हाईक म्हणून जायचं, एवढं चालणं या वयात झेपणार नव्हतं.

"नको, बाई," ते म्हणाले. "शाळा रिकामी आहे. धडा मी बसवलेला नाही, तो खरा आहे. ही मुलं मी उसनी आणली होती. इथे कोणी येत नाही."

बाई खाली बसल्या. "मग तुम्ही इथे दिवसभर करता काय?"

"वाट बघतो," मास्तर म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते खरं बोलले होते, आणि त्याने त्यांना हलकं वाटण्याऐवजी फार एकटं वाटलं.

मुलांनी कोपऱ्यात डोकी एकत्र केली. थोड्या वेळाने मालू पुढे आली.

"आमच्याकडं मास्तर हाय, दुसरा नको. पन दुसरीच्या वर्गात एक जागा हाय. तुमाला मासे वलखता येतात?"

"नाही."

"मिठागरात पानी कवा घ्यायचं, कवा तोडायचं, ठावं हाय?"

"नाही गं."

"व्हडी वल्हवता येतं?"

"मला पोहतासुद्धा येत नाही," मास्तर म्हणाले.

मालूने पंचायतीकडे पाहिलं. "घ्यायला हरकत नाय. काईच येत नाय त्यांना."

हात वर झाले. जगनचाही हात वर गेला, तो सगळ्यांत उंच.

"पन एक हाय," मालू म्हणाली. "आमची वाट खाडीच्या बांधावरनं. भरतीला पानी चडतं. शाला सुटल्यावर न्यायाला घरचं मानूस यावंच लागतं. तुमच्या घरचं कोन येईल?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आतली खाट सगळ्यांना दिसत होती. बाईंनी मान दुसरीकडे वळवली.

"मी येईन," दारातून इक्बाल म्हणाला.

"तुमी त्यांचे कोन?"

इक्बालने बराच विचार केला. त्याला नातं काही सापडलं नाही. "रोज वर येऊन विचारतो त्यांना, जेवलात का म्हणून," तो म्हणाला. "तेवढं चालत असेल तर बघा."

"चालेल," मालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इक्बालचा टांगा कामोठ्याच्या शाळेपुढे थांबला. मास्तर उतरले, दुसरीच्या रांगेत शेवटी मांडी घालून बसले. शेजारच्या पोराने सरकून जागा दिली आणि न विचारता आपला बोरांचा पुडा पुढे केला. मास्तरांनी एक बोर घेतलं, ते तोंडात टाकलं आणि त्यांना रडू कोसळलं. ते काही केल्या थांबेना. जगन घाबरून उठला.

मालूने त्याला हाताने खाली बसवलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पयल्या दिवशी सगलीच रडतात."