देवमाशाला जेवणाचं बोलावणं

समुद्रात देवमासा दिसला की माणसं मोबाइल शोधतात. शरणप्पा अण्णा कठडा धरून उभे राहायचे आणि हाक मारायचे, "या अक्का, जेवायला या."

ती मादी आहे हे कशावरून, असं मी एकदा विचारलं. "गडी माणूस एवढ्या सबुरीनं चालतोय व्हय?" असं उत्तर मिळालं.

गोव्याहून मॉरिशसला निघालेल्या शिडाच्या बोटीवर आम्ही सहा जण होतो. मी कलबुर्गीच्या एका दैनिकाचा बातमीदार, प्रवासाचं वृत्त पाठवायला गेलेला. अण्णा बसवकल्याण तालुक्यातल्या राजेश्वरचे. नौदलाच्या भटारखान्यातून निवृत्त होऊन शेती करत होते. आमच्या कप्तानबाईंनी त्यांना स्वयंपाकासाठी बोलावून घेतलं. पहाटेचा पहारा अण्णांचा आणि माझा असे.

बोट एका अंगावर कलंडून चालायची. चहा अर्धाच कप ओतायचा आणि भाकरी थापताना पाठ भिंतीला टेकवायची, हे अण्णांचे नियम. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असत. बाकीचे तव्याकडे बघत. अण्णा शाकाहारी, तडफडणारा मासा शेपटीला धरून पाण्यात सोडत आणि म्हणत, "जा बाबा, वाट चुकलास." डॉल्फिनचा कळप आला की "पोरं आली" असं जाहीर करून सगळ्यांना एकदम आमंत्रण देत. एक तपकिरी समुद्रपक्षी आमच्या कठड्यावर मुक्कामालाच आला. त्याने केलेली घाण अण्णा स्वतः धूत. "पाव्हणा हाय. पाव्हण्याला काय बोलायचं?"

एका पहाटे मी विचारलं, "अण्णा, दिसंल त्याला जेवायला कामून बोलवायलाव?"

त्यांनी सुकाणू थोडं वळवून घेतलं. मग म्हणाले, "गेल्या येळवशीला धाकटा माझ्या बांधावरून गेला. मी त्याला हाक मारली न्हाई."

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं आणि बांधावरून जाणाऱ्या परक्यालाही उपाशी जाऊ देत नाही. सख्ख्या भावाला हाक न मारणं म्हणजे नातं संपल्याचं चारचौघांत सांगणं. भांडण बांधावरच्या एका चिंचेचं होतं.

"तवापासून कुणीबी गेलं की तोंडातून आपसूक निघतंय," अण्णा म्हणाले. "फक्त त्याच्यासमोर निघत न्हाई."

यंदाची येळवस समुद्रातच आली. अण्णांनी घरून आणलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील केली, भिजवलेल्या कडधान्यांची भज्जी केली. शेतात पूजेला पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, बोटीवर दगड नव्हते. त्यांनी पाच बटाटे मांडले. आंबील शेताभोवती शिंपडतात, इथे बोटीभोवती शिंपडायची होती.

"फेरी मारा, पण पट्टा अडकवून," कप्तानबाई म्हणाल्या.

"शेतात मला कुणी बांधत न्हाई, बाई."

"शेत बुडत नाही, अण्णा."

मग अण्णा सुरक्षापट्ट्याचा आकडा काढत-लावत, काखेत पातेलं धरून, "ओलगे, ओलगे" अशी येळवशीची आरोळी देत बोटीभोवती फिरले. हे आटोपल्यावर त्यांनी उपग्रह फोनची आपली पाळी मागितली. एरवी ते बायकोला फोन लावत. त्या दिवशी भावाला लावला. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केलेला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकलं.

"कोण?"

"मी हाय."

अण्णांनी फोन तोंडाजवळ धरला.

"जेवलास का?" अण्णांनी विचारलं. "न्हाई तर माझ्या शेतात जा. मी बोलवायलो."

मला वाटलं, फोन तुटला.

"तुझ्याच शेतात बसलोय," भाऊ म्हणाला. "वैनीनं हाक मारली. भज्जीत मीठ कमी हाय."

"तिचा हात तसाच हाय. वरून घे."

"घेतलंय, अण्णा."

अण्णांनी फोन सदऱ्याला पुसून कप्तानबाईंना परत दिला. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि प्रवासात पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी जेवायला बसले.

थोड्या वेळाने उजव्या अंगाने एक कासव गेलं. आम्ही सवयीने अण्णांकडे पाहिलं. त्यांचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी मला मानेने खूण केली.

हाक मी मारली.