साखळीकाकांचं पर्वतारोहण मंडळ

चैत्र अर्धा सरला की साखळीकाका आमच्या गल्लीतल्या प्रत्येक ओट्यासमोर उभे राहतात आणि एकच प्रश्न विचारतात : "बाई, कुरड्या कवा करता?"

नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. उत्तर मिळालं की ते पुढच्या ओट्याकडे जातात. पापड कवा, कुरड्या कवा, सांडगी मिरच्या कवा. बायका पदराआड हसतात. "म्हातारा चिकाच्या वासावर असते," असं आत्या म्हणते. कुरड्यांसाठी शिजवलेल्या गव्हाच्या चिकाची वाटी कुणी पुढे केली तर काका ती चाटूनपुसून परत देतात, हेही खरं आहे. पण ते वाटीसाठी येत नाहीत. हे मला उशिरा कळलं.

अशी सगळी गल्ली विचारून झाली की वाचनालयाच्या दारावर एक कागद लागतो. वर ठळक अक्षरांत 'वाशीम पर्वतारोहण मंडळ', त्याखाली 'उन्हाळी सहलींचा कार्यक्रम'. सहली तीन : पहिली पापडांच्या दिवसांत, दुसरी कुरड्यांच्या, तिसरी मिरच्यांच्या. मग नियम :

१. खिशात कांदा ठेवावा. ऊन बाधल्यास मंडळ जबाबदार नाही.
२. पाणी आपले आपण आणावे.
३. डोंगरास टेकडी म्हणू नये.
४. न दिसलेले दिसले म्हणणाऱ्यास मंडळात जागा नाही.

वाशिमात पर्वत नाही. रिसोडच्या वाटेला, तीन कोसांवर, एक बोडकी टेकडी आहे. माथ्यावर मोजणीखात्यानं कधीकाळी रचलेला दगडांचा बुरूज आहे. तिन्ही सहली तिथेच जातात. वऱ्हाडातल्या वैशाखात जिथे कावळासुद्धा दुपारी आवाज करत नाही, तिथे माणसांनी टेकडी का चढावी, असं कुणी विचारलं तर काका म्हणतात, "पाला झडलेला असते. लांबचं दिसते."

काय दिसतं, ते सांगत नाहीत.

तरुणपणी ते मोजणीखात्यात जमिनी मोजायची साखळी ओढत. नाव नारायण, पण ते आता त्यांनाही आठवत असेल असं वाटत नाही. नोकरी सुटली, मोजणी सुटली नाही. रस्त्यानं चालताना त्यांचे ओठ हलत असतात. लोकांना वाटतं नामस्मरण. ते पावलं मोजत असतात. एकदा आमच्या ओट्यावर टेकले आणि बाबांना म्हणाले, "डाक्तरसाहेब, माह्या घरापासून तुमचं घर दोन पावलं लांब गेलं." बाबांना समजेना. काका म्हणाले, "घर तं सरकत नाही. म्हंजे माहे पाय आखूड झाले. मोजल्याबिगर बोलू नोका, पन मोजलं तं बोला."

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बाबा सरकारी दवाखान्याचे डॉक्टर, त्यांनी अकोल्याला जाऊन ऑपरेशन करायला कितीदा सांगितलं. काका म्हणत, "डोये सरकारी कामात झिजले. आता त्याले सुरी कायले लावता?"

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन घरी आले होते आणि मला काही करायचं नव्हतं. पाहुणे आले की मला इंग्रजी कविता म्हणायला सांगत, म्हणून दारात जोडे दिसले की मी मागच्या खोलीत जाई. गल्लीत माझ्याविषयी दोन मतं होती : एक, मी गर्विष्ठ आहे, दोन, मी मुकी आहे. दुसरं मत काकांच्या कानावर गेलं आणि गेल्या उन्हाळ्यात ते बाबांकडे आले.

"तुमची पोरगी बोलत नाही म्हनतात. खरं काय?"

"लाजते जरा," बाबा ओशाळून म्हणाले.

"तोंडदेखलं तं बोलत नाही ना?"

"तेवढंही बोलत नाही."

"मंग मले ते पाहिजे. मंडळात."

मंडळात तेव्हा दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाबांच्या दवाखान्यातले कंपाउंडर देवराव शेवटचे सभासद. त्यांना काकांनी चौथ्या नियमाखाली काढून टाकलं होतं. "बुढ्यानं मले भर बाजारात लबाड म्हटलं," देवराव औषधाची शिशी हलवत सांगत. "माह्या डोयानं पाह्यलं ते सांगितलं, तं म्हने निघ. मरो त्याचा डोंगर!" काय पाहिलं होतं, ते मी विचारलं नाही. मी कुणाला काही विचारत नसे.

बाबांना वाटलं, पोरीला हवा लागेल. सोबतीला आत्या. ती छत्री आणि पानाचा डबा घेऊन आमच्या बैलांच्या दमणीत बसली आणि टेकडीच्या पायथ्याशी निंबाखाली जी उतरली ती तिथेच राहिली. "तुमचा पर्वत तुम्ही चढा," ती म्हणाली. तिनं तिसरा नियम मोडला नाही म्हणून काकांनी तिच्याकडे समाधानानं पाहिलं.

वर पोचायला फार वेळ लागला नाही. गवत जळून गेलेलं, दगड तापू लागलेले. काकांनी पिशवीतून तीन पायांची एक घोडी काढली, त्यावर बसवलेला, कडा काळ्या पडलेला आरसा काढला. बुरुजाजवळच्या खडकावर छिन्नीनं कोरलेल्या तीन खुणा होत्या. काकांनी त्या बोटांनी चाचपल्या आणि घोडीचे पाय बरोबर त्यांत ठेवले. बघण्याची गरजच नव्हती.

"मावळतीकडं पाह्य. दोन चिंचा जोडीनं दिसतात?"

"दिसतात."

"त्याच्या डाव्या अंगाले गाव. ते रिठद. आता तिथून नजर हालवू नोको."

त्यांनी टोपीनं आरसा झाकला, उघडला. झाकला, उघडला. तीनदा. मग थांबले.

"काई चमकलं?"

मी पाहत राहिले. धुरकट पांढरं ऊन आणि त्यात ढेकळांसारखी घरं. काका टोपी हातात धरून माझ्याकडे तोंड करून उभे होते. अशा वेळी माणसानं काहीतरी बरं बोलावं, हे मलाही कळत होतं. मला बरं बोलता येत नाही.

"नाही," मी म्हटलं.

ते पुन्हा आरशाकडे वळले. पुन्हा तीनदा. पुन्हा "नाही." असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. मग त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "लिहून घे. पापड. दिसलं नाही." आणि थोड्या वेळानं, "शाबास."

कुरड्यांच्या सहलीला मला एक उजेड दिसला. मी तसं म्हणताच काकांनी माझं मनगट धरलं.

"हालते काय?"

मी नीट पाहिलं. "नाही. एकाच जागी आहे."

मनगट सुटलं. "मंग तो टिनाचा पत्रा. लिही. कुरड्या. एक, हालत नाही."

मिरच्यांच्या सहलीला काहीच नव्हतं. मी ते लिहिलं. काका घोडी आवरायला उठले नाहीत. बुरुजाच्या वीतभर सावलीत बसून राहिले. खिशातला कांदा काढून हातात फिरवत, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं ते असं.

त्यांना एकच मुलगी, गोदी. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. मोजणीचा तळ डोंगरावर पडायचा, पोर खाली गावात चुलतीकडे असायची. चुलती जेवू घालते की नाही, ही काकांना काळजी. म्हणून त्यांनी गोदीला शिकवलं : मी वरून तीनदा आरसा चमकवला की मी विचारतो, 'जेवली काय?' तू धाब्यावर, घराच्या मातीच्या छपरावर, चढून पितळेची परात तीनदा चमकव. म्हणजे, 'जेवली.'

"साहेबाचा आरसा, सरकारी काम," काका म्हणाले. "आन् मी त्यानं पोरीले जेवली काय इचारून राह्यलो. कोनाले सांगू नोको."

पुढे गोदी रिठदला दिली. सोयरे जमीनजुमल्याचे. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा शेजाऱ्याशी धुऱ्यावरून वाद झाला. शेताचा बांध कुणी सरकवला, हा प्रश्न. जुन्या मोजणीत साखळी धरणारा माणूस हयात होता, त्याला साक्षीला बोलावलं. तो माणूस म्हणजे काका. त्यांनी शपथेवर सांगितलं की धुरा व्याह्यांनीच सरकवला आहे, चार हात. ते खरं होतं. व्याह्यांचा पट्टा गेला. त्या दिवसापासून गोदी माहेरी आली नाही आणि काकांना रिठदचा उंबरा बंद झाला.

"तुम्ही खोटं बोलला असता तर?" मी विचारलं. मी स्वतःहून त्यांना विचारलेला तो पहिला प्रश्न.

"चार हात होता ना माय तो," काका म्हणाले. "मोजलेला."

उन्हाळ्यात बायका वाळवण घालायला धाब्यावर चढतात. घरात पाहणाऱ्या डोळ्यांपासून सुटून छपरावर एकटं बसायला सुनेला तेवढेच दिवस मिळतात. गल्लीत पापड झाले की रिठदलाही पापड, गल्लीत कुरड्या तर तिथेही कुरड्या. म्हणून ते घरोघर विचारत फिरत. सरळ तिचीच चौकशी का करत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "इचारलं की गोष्ट रिठदले पोचते. मंग तिले भोगा लागते."

पहिल्या उन्हाळ्यात ते एकटे गेले होते. काही दिसलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मंडळ काढलं.

"देवराव तर म्हणतात, दिसलं."

"सारेच म्हनत. कोनाले भाकरीची घाई, कोनाले बुढ्याची कीव. मी बाजूलेच उभा राहो. मले नाही दिसलं तं त्याले कसं दिसलं?"

मी त्यांच्या पांढुरक्या बाहुल्यांकडे पाहिलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी रहीमचाचा मनियार बांगड्यांची पेटी घेऊन आमच्या ओट्यावर आले. काकाही तिथेच चिकाची वाटी घेऊन बसले होते. आमच्याकडे कुरड्यांचा दुसरा घाणा होता. आईच्या हातात बांगडी चढवता चढवता चाचा म्हणाले, "इस साल रिठदले धंदाच नाही झाला, डाक्टरीन बाई. मोठ्या घरची बुढी फागुनात गेली. सुतकाचं साल. बांगडी नाही, वाळवन नाही, धाब्यावर कोनी चढत नाही."

"कोनतं मोठं घर?" काकांनी विचारलं.

चाचांनी नाव सांगितलं. काकांची वाटी मांडीवर कलंडली. व्याहीण गेली होती आणि कुणी सांगावा धाडला नव्हता.

चाचांना नातं ठाऊक नव्हतं. ते आपल्याच नादात सांगत राहिले, "त्यायची सून बेचारी मोठी मेहनती. दर साली मी पाहो ना, वाळवनाच्या दिवसांत धाब्यावर बसून परात घासे. बुढी खालून बोंबले, 'गोदे, येका परातीले किती घाशीन वं? सोन्याची करतं काय?' आन् थे हासे, आन् परात उन्हात अशी फिरवे. एकदा तं माह्या बैलाच्या डोयावर चमकली, बैल बुजला!"

चाचांनी हातानं परात फिरवून दाखवली. एक, दोन, तीन.

काका उठले. आईला म्हणाले, "बाई, आज मले कुरड्या पाहिजेत." इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. सुतकाच्या वर्षी घरात वाळवण करत नाहीत, ते माहेरून जातं, हे आईला सांगावं लागलं नाही. तिनं वाळलेल्या कुरड्यांचं मोठं गाठोडं बांधून चाचांच्या पेटीवर ठेवलं. "माहं नाव सांगू नोका," काका म्हणाले. "घेतील नाही." ते पोचलं की नाही, ते आजवर कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. फडताळातून वह्या काढल्या. वर्षावर्षाच्या नोंदी, वेगवेगळ्या हातांच्या : 'पापड. दिसलं, तीनदा.' 'कुरड्या. दिसलं, तीनदा.' प्रत्येक ओळीवर काकांच्या पेन्सिलीची आडवी रेघ आणि पुढे 'खोटं'. शेवटच्या ओळी देवरावांच्या अक्षरातल्या. एका ओळीत त्यांनी 'देवाशपथ' असंही लिहिलं होतं. त्यावर दोन रेघा होत्या.

"पुन्यांदा लिही," काका म्हणाले. "शाईनं."

मी एकेक ओळ वाचत गेले आणि कापलेल्या ओळीच्या वर लिहीत गेले. दर ओळीला ते मान हलवत. शेवटी माझ्या अक्षरातल्या तीन ओळी आल्या.

"हे मात्र नाहीच आहे," मी म्हटलं.

"नाही तं नाही. राहू दे."

आता पुन्हा चैत्र आहे. रिठदच्या त्या घरातलं सुतकाचं वर्ष सरलं. परवा काकांनी यंदाचा कार्यक्रम मला सांगून लिहून घेतला. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पापड, कुरड्या, मिरच्या. तिन्ही सहली त्याच बोडक्या टेकडीवर, म्हणजे डोंगरावर. मी लिहिता लिहिता थांबले.

"काका, कुरड्यांपासून मी इथे नसेन. माझं लग्न आहे. नागपूरला."

ते बराच वेळ जमिनीवर काठी टेकत बसले. बहुधा काहीतरी मोजत होते.

"तुले देतात ते घर कसं हाय? जेवू घालतात ना?"

"हो."

"मोजल्याबिगर बोलू नोको," ते म्हणाले. मग, "चौथा नियम वाच."

मी वाचला.

"खोड."

काल मी बाबांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले, तर देवराव माझी वाटच पाहत होते. "बाई, बुढा येडा झाला. सकाळी माह्या दारात येऊन उभा. म्हने, देवराव, तवा किती वेळा चमकलं होतं? म्हटलं, तीनदा. म्हने, पुन्यांदा सांग. पुन्यांदा सांगितलं. म्हने, पुन्यांदा. चार खेपा सांगाले लावलं, बापा! मंग म्हने, 'म्हंजे जेवली', आन् डोये पुसत निंगून गेला."

त्यांनी शिशीला बूच लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोन जेवली वं, बाई?"