कमरेला पिस्तूल लावून कोथिंबीर निवडणारे काका

आमच्या अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून वास घेणारे काका पुष्कळ आहेत. पण कमरेला पिस्तूल लावून वास घेणारे एकच, आमचे शेजारी विनायककाका देवल.

वय त्र्याहत्तर, निवृत्त सिव्हिल इंजिनीअर. चौकड्यांचा शर्ट नीट इन केलेला, पायात पांढरे बूट आणि पट्ट्याला उजवीकडे, साऱ्या दुनियेला दिसेल असं, पिस्तूल. पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि हातातला दुधी टाकून मी तांदळाच्या पोत्यांमागे बसले. काकांनी वरून डोकावून विचारलं, "घाबरलीस की काय? अगं, व्हर्जिनियात लीगल आहे. लपवायचं असेल तर परमिट लागतं. दाखवायला काही लागत नाही!"

हे त्यांचं लाडकं वाक्य. त्याच दिवशी कुणीतरी पोलिसांना बोलावलं. एक उंच, गोरा, तरुण पोलीस आला, ओळखपत्र बघितलं, सगळं कायदेशीर निघालं. मग काकांनी त्याला अर्धा तास धरण कसं बांधतात ते सांगितलं आणि जाताना चिक्कीचं पाकीट दिलं. "फार गुणी मुलगा. धरणात इंटरेस्ट आहे त्याला," काका मला म्हणाले. त्या बिचाऱ्याला इंटरेस्ट होता तो फक्त दारात.

माझा नवरा मंदार म्हणायचा, "यार, यांना कुणीतरी सांगायला पाहिजे." आमच्या घरात 'कुणीतरी' म्हणजे मी. पण काही महिने गेले आणि माझ्याआधी दुकानाच्या मालकीणबाईंनीच सांगितलं. दारावर पाटी लागली, दुकानात शस्त्र आणू नये. मला वाटलं, आता काका कायदा काढून भांडणार! छे. त्यांनी पाटी दोनदा वाचली, "बरोबर आहे, दुकान तिचं आहे," म्हणाले आणि परत फिरले. नंतर आलेच नाहीत. खरं सांगते, मला हायसं वाटलं.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. "उद्या खंडेनवमी. शस्त्रपूजा करतोय, जेवायला ये."

गेले. पाटावर पिस्तूल, त्याला हळदकुंकू. त्याच्या शेजारी काकांच्या दिवंगत बायकोची, सुनंदाकाकूंची, विळी. विळीला टपोरा झेंडू, पिस्तुलाला अगदी लहानसा.

"सीनिऑरिटी," काका म्हणाले.

"यात गोळ्या नाहीत ना?" मी जरा लांबच बसले.

"आणल्याच नाहीत कधी. मला कुणाला मारायचंय?"

मी हसले, आणि मग टेबलाकडे लक्ष गेलं. सात पानं मांडलेली. श्रीखंडाचं पातेलं त्याच हिशोबाचं.

"बाकीचे यायचेत?"

"बिझी असतील. त्या पोलिसालासुद्धा सांगितलं होतं मी."

मला राहवलं नाही. "काका, गोळ्या नाहीत, कुणाला मारायचं नाही, मग हे मिरवता कशाला?"

ते श्रीखंड वाढत राहिले. "सुनंदा होती तेव्हा दुकानात ती बोलायची, मी सामानाची गाडी ढकलायचो. ती गेल्यावर दोन वर्षं मी एकटा जात होतो. कुणी शब्दानं बोललं नाही. हे लावलं त्या दिवशी सहा माणसं बोलली. आज त्या सहांनाच बोलावलं होतं." मग म्हणाले, "त्यात तू होतीस."

आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच. काकू गेल्या तेव्हा मी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं आणि ऑफिसला निघून गेले होते. लाज वाटली हो मला स्वतःची.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी त्यांची बेल वाजवली. "चला, कोथिंबीर आणायचीय."

काका पिस्तुलाचा पट्टा घ्यायला वळले. "ते राहू दे," मी म्हणाले.

"मग बोलेल कोण?"

"मी आहे ना."

दुकानात त्यांच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. काकांनी जुडी निवडली, रांगेत उभे राहिले. हात सारखा कमरेच्या रिकाम्या जागी जात होता. काउंटरवरच्या मुलीनंही ओळखलं नाही. मान खाली घालूनच तिनं मेंबरशिपचा फोन नंबर विचारला. काकांनी सांगितला.

"सुनंदा?" तिनं स्क्रीनवर वाचलं.

मी घाईघाईनं पुढे झाले. काकांनी हातानंच मला थांबवलं.

"शी इज नो मोर, बेटा. आय अ‍ॅम विनायक."

मुलीनं मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. "सॉरी, विनायक अंकल," ती म्हणाली. "हाऊ आर यू?"

काकांनी जुडी काउंटरवर ठेवली आणि सांगायला सुरुवात केली. सुनंदापासून निघाले ते धरणापर्यंत पोचले. मागे रांग वाढत होती, कुणीतरी खाकरलं. मी गाडी रांगेला आडवी लावली आणि तिथंच उभी राहिले.