जोडलेले गाव तोडून मिळणेबाबत

प्रगती जमिनीखालून येते, म्हणून ती पुष्कळदा दिसत नाही. तळेघरच्या पलीकडे आमच्या गावात ऑप्टिकल फायबर आले ते असेच. भाताच्या खाचरांच्या कडेने चर खणला, काळी केबल पुरली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत एक पेटी बसवली. उद्घाटनाला पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला, त्याचा फोटो निघाला आणि गाव अधिकृतपणे जोडले गेले. (गावातली माणसे जोडली गेली का, हा विषय दुसऱ्या खात्याचा आहे.)

पेटी महागडी, म्हणून खोलीला कुलूप लागले. किल्ली जबाबदार माणसाकडे असावी म्हणून ती ग्रामसेवक साहेबांकडे असते, आणि साहेब मंचरला राहतात. त्यामुळे पेटी अजून कोरीच्या कोरी आहे. पुढच्या टप्प्यात वेग दसपट होणार आहे, म्हणजे दिवा दसपट वेगाने लुकलुकेल.

रेंज मात्र अजून टेकडीवरच्या हिरड्याच्या झाडाखालीच येते. रेशन दुकानदार हौशीराम दर महिन्याला अंगठ्याचे मशीन घेऊन तिथे बसतो. ज्याचा अंगठा उमटेल त्याला तांदूळ. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कुशाबाईंचे गुडघे टेकडी चढत नाहीत, आणि नुसता अंगठा वर पाठवायची सोय अजून झालेली नाही.

गावाने टॉवर मागितला. उत्तर आले, की टॉवर फक्त न जोडलेल्या गावांसाठी आहे. उत्तर बिनतोड होते. तेव्हा ग्रामसभेने गाव तोडून मागायचे ठरवले. असे अर्ज फक्त ऑनलाइन घेतात. सरपंच जानकूभाऊंनी हिरड्याखाली छत्री धरून तो भरला. या वेळी उत्तर तत्परतेने आले: अर्ज ऑनलाइन पोचला, त्याअर्थी गावात इंटरनेट सुरळीत आहे, सबब अर्ज निकाली.

शेवटी हौशीरामने कुशाबाईंना पाठीवर घेतले. निम्म्या चढावर त्याला धाप लागली.

"उतरव रं बाबा," त्या म्हणाल्या. "तारंतनं उजेड पळतोय म्हणत्यात. मग त्यो माज्या दारापतूर का येत न्हाई?"

हौशीराम तिथूनच मागे फिरला. दोघे खाली आले.

महिना संपला, तांदूळ बुडाला. मशीनवर कुशाबाईंच्या नावापुढे 'लाभार्थी धान्य घेण्यास इच्छुक नाही' असे दिसते. मला याचा संताप आला, तो मी लिहून काढला. तुम्हालाही आला असेल, तर ही गोष्ट लगेच चार जणांना पाठवा. तुमच्याकडे रेंज आहे, आणि पाठवले की आपण काहीतरी केले असे वाटून जेवण चांगले जाते.