शेषरावाचं चालतं-फिरतं कातडं

दोन हजार एकोणीस साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या साली माझ्या दुकानात एक शेळी माप द्यायला आली.

माझं दुकान वाटूर फाट्यावर. मोटारसायकलची, ट्रॅक्टरची, जीपची शिटं शिवतो. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या मास्तरानं फळ्यावर वाकडी रेघ मारली, मी वाकडी म्हणलो, त्यानं माझ्या हातावर पट्टी मारली, मी उठून आलो तो आलोच. पण माझं माप आजवर चुकलं न्हाई. शेळीचं बी चुकलं नव्हतं. शेळी वाढली, त्याला मी काय करू?

शेळीवाला म्हंजे शेषराव फोटूवाला. फाट्यावर त्याचा स्टुडिओ होता. मोबाइल आले अन्‌ स्टुडिओ बंद पडला. बायको आधीच वारली होती, पोरं पुण्याला गेली. मागं राह्यला शेषराव आणि त्याचं "हलू नका".

चाळीस वरसं लोकांना म्हणून म्हणून ते त्याच्या जिभेलाच चिकटलं होतं. चहावाला कप भरून राह्यला की, "हलू नका." न्हावी दाढीला बसला की उलटं न्हाव्यालाच, "हलू नका." एकदा मयताला गेल्ता, तर तिरडीपुढं उभा राहून सवयीनं तेच म्हणला. मेलेल्याचा पोरगा रडता रडता हसला. आणि कशाचीबी घाई केली की म्हणायचा, "मिस्त्री, घाई म्हंजे हललेला फोटू."

त्याच्याजवळ एक जुना कॅमेरा होता. दोन डोळ्यांचा, पोटाशी धरून वरून आत पाहायचा. त्याच्या अंगावरचं काळं कातडं वाळून पापडासारखं गळून गेल्तं. शेषराव तो टॉवेलात गुंडाळून माझ्याकडं आल्ता.

"मिस्त्री, कॅमेरा नागडा झाला. बायामाणसांपुढं कसा न्यावा?"

मी म्हणलो, "आठ दिवसांत कपडे घालून देतो." चार माणसांसमोर म्हणलो. तिथंच फसलो.

मी सगळं रेक्झिन काढून मांडलं. लाल, काळं, चॉकलेटी, रिक्षावाले नेतात ते वाघाच्या पट्ट्याचं. शेषराव एकेक तुकडा गालाला लावायचा, डोळे मिटायचा, वास घ्यायचा. मंग पोटाशी धरून उन्हात फाट्याला एक चक्कर मारून यायचा, घामानं सरकतं का पाहायला. लोक थांबून पाहून राह्यले. एका काळ्या तुकड्यावर बारीक रव्यासारखा दाणा होता. मी म्हणलो, हे घ्या. तो म्हणला, "ह्याला चपलेचा वास येतो."

मी हट्टाला पेटलो. बसभाडं घालून जालन्याला गेलो, खऱ्या बकरीच्या कातड्याचे तीन तुकडे आणले. शेषरावानं ते बी गालाला लावले.

"कोणत्या जनावराचं?"

"बकरीचं."

"ते न्हाई. स्वभाव कसा होता तिचा?"

"मेली ती. मी काय तिच्या सोयरिकीला गेल्तो?"

"तसं न्हाई, मिस्त्री. जे जनावर जल्मभर उड्या मारत फिरलं, त्याचं कातडं कॅमेऱ्याला लावलं तर फोटू हलणारच."

मी पानाचा डबा उघडला.

पुढच्या बाजाराला तो तीर्थपुरीला गेला, ते काळी शेळी घेऊनच परत आला. म्हणला, बाजारातल्या सगळ्या शेळ्यांपुढं कॅमेरा धरून "हलू नका" म्हणलो, ही एकलीच हलली न्हाई. भिंगात नीट पाहत उभी राह्यली.

"हेच आपलं कातडं. माप घ्या."

"जितीचं?"

"मंग? मेल्यावर आकसतं."

मी शिंप्याचा पांढरा खडू घेतला. कॅमेऱ्याला सात तुकडे लागतात. पुढचा मोठा तुकडा डाव्या बरगडीवर आखला, मागचा उजवीकडं, बाजूच्या चार पट्ट्या पाठीवर, आणि झाकणाचा चौकोन मानेवर. शेळी बिलकुल हलली न्हाई. इतकं साफ काम मी जीपच्या शिटावर बी केलं न्हाई. चहावाल्यानं इचारलं, "मिस्त्री, शेळीला कव्हर शिवून राह्यले का?"

मंग दर बाजाराच्या दिवशी शेषराव तिला घेऊन येऊ लागला. शेळी वाढायची, तुकडे तिरपे व्हायचे, मी पुसून पुन्हा आखायचो. कापायचं कधी म्हणलं की त्याचं तयारच असायचं. पोळा होऊ द्या. दिवाळी होऊ द्या. थंडीत केस दाट असतात. उन्हाळ्यात कातडं कोरडं पडतं. "घाई म्हंजे हललेला फोटू, मिस्त्री."

मी एकदा इचारलं, "नाव काय ठेवलं हिचं?"

तो चिडला. "कातड्याला कुणी नाव ठेवतं का?"

आठ दिवसांचे आठ महिने झाले. फाट्यावर माझी इज्जत गेली. कुणी शीट शिवायला आलं की आधी इचारायचं, "जल्दी होईल ना? का शेळीसारखं?" मी ठरवलं, आता ह्या माणसाला काम करूनच दाखवायचं. शेळीचं काहीबी होवो.

एका दुपारी शेषराव चहा प्यायला गेला आणि शेळी माझ्या दुकानात बांधून गेला. मी ट्रॅक्टरच्या शिटात गुंतलेलो. मान वर केली तर शेळी आडवी पडलेली, पोट ढोलावाणी फुगलेलं. मशीनीखालचं रेक्झिनचं कात्रण सारं तिनं खाल्लेलं. तोंडातून एक काळी पट्टी लोंबत होती, त्याच रव्याच्या दाण्याची.

शेषराव आला. मी आपली चूक झाकायला म्हणलो, "चला, आता कातडं मिळंल तुम्हाला."

त्यानं माझ्याकडं पाह्यलं बी न्हाई. खाली बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिचे चारी खूर सरळ, डोळे उघडे, आणि ती बिलकुल हलत नव्हती.

"सरू," तो म्हणला. "सरू, हल ना गं. जरा हल."

कातड्याला नाव होतं तर.

मंग मला दुकान दिसलं न्हाई. गल्ला उघडा टाकून मी मोटारसायकलवर जनावराच्या डॉक्टरला घेऊन आलो. त्यानं नळीनं तेल पाजलं, पोट चोळायला लावलं. एका बाजूनं मी, एका बाजूनं शेषराव. माझ्या हाताखालीच पुढचा मोठा तुकडा आखलेला होता. घामानं खडू माझ्या तळव्याला लागून राह्यला.

चोळता चोळता तो म्हणला, "दार उघडलं की ही उभीच असते, मिस्त्री. कॅमेरा नसला तरी पाहते माझ्याकडं. आता कोण उभं ऱ्हातं हो इतका येळ?"

मी आणखी जोरानं चोळू लागलो.

दिवस मावळायच्या आधी सरूनं एक मोठा ढेकर दिला. मंग एक पाय झाडला, मंग दुसरा. उठली, आणि डॉक्टरच्या पिशवीचा बंद चावू लागली. डॉक्टरनं बंद सोडवून घेतला आणि गेला.

शेषरावानं तिच्या तोंडातून पडलेली ती काळी पट्टी उचलली, धोतराला पुसली, गालाला लावली. डोळे मिटले न्हाई.

"हेच लावा."

"चपलेचा वास येतो म्हणला होता."

"तिनं पसंत केलंय. तुम्ही-मी कोण?"

"फोटू हलंल."

"हलू द्या," शेषराव म्हणला.

मी तिथंच बसून त्याच रेक्झिनचे सात तुकडे कापले आणि चिकटवले. माप बराबर बसलं. बसणारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मी बादली आणि फडकं घेऊन शेषरावाच्या घरी गेलो आणि सरूच्या अंगावरचा सगळा खडू पुसून टाकला, बरगड्यांवरचा, पाठीवरचा, मानेवरचा. पाणी थंड होतं, ती चांगलीच हलली. शेषराव दारात नवे कपडे घातलेला कॅमेरा पोटाशी धरून उभा होता. तो तिला काही म्हणला न्हाई.